फिलिपिनो घरातला रोजचा स्वयंपाक आणि मधल्या वेळचं खाणं

रानजाई

फिलिपिन्सच्या खाण्याबद्दल मराठीत शोधायला गेलं की दोनच गोष्टी समोर येतात. एक सणाचं अख्खं भाजलेलं डुक्कर आणि दुसरं बालुत, म्हणजे आत पिल्लू धरलेलं बदकाचं उकडलेलं अंडं. पहिलं फिएस्ताचं, दुसरं रात्रीच्या फेरीवाल्याचं. घराघरांत रोज जे शिजतं त्यावर कोणी लिहीत नाही, म्हणून हा धागा. माझं सासर लागुना प्रांतातलं, मनिलाच्या दक्षिणेला मोठ्या सरोवराच्या काठचं. सासूबाईंना आम्ही सगळे नानाय म्हणतो. रोजचा स्वयंपाक अजून त्याच करतात, आणि पुढचं बहुतेक सगळं मी त्यांच्या हाताखाली शिकले आहे.

घर भातावर चालतं, तिन्ही वेळा. भात म्हणजे कानिन आणि भाताबरोबर जे असेल ते उलाम. उलाम बहुधा एकच, फार तर दोन. आपल्यासारखी भाजी, आमटी, कोशिंबीर, चटणी अशी ताटाची मांडणी नसते. भाताचं पाणी बोटाने मोजतात: तर्जनीचं टोक तांदळावर टेकवायचं आणि पहिल्या पेरापर्यंत पाणी ओतायचं. तांदळाचं पहिलं धुवण टाकून देतात, दुसरं ठेवून देतात. ते कशाला, ते पुढे येईलच.

रात्री भात जरा जास्तच लावतात, कारण सकाळी सिनांगाग हवा असतो. भरपूर ठेचलेला लसूण तेलात मंद आचेवर सोनेरी करायचा, निम्मा काढून ठेवायचा, उरलेल्यात हाताने मोकळा केलेला शिळा भात आणि मीठ घालून खमंग परतायचं, वरून काढलेला लसूण पेरायचा. हळद नाही, मोहरी नाही. बरोबर तळलेलं अंडं आणि काहीतरी खारट किंवा गोडसर: सुकी मासळी, व्हिनेगरात मुरवून तळलेला बांगुस मासा, नाहीतर गोड मुरवलेलं मांस. शेजारी व्हिनेगरची वाटी हवीच.

इथल्या स्वयंपाकातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे ती वाटी. पदार्थ पातेल्यात पुरा होत नाही, ताटात होतो. रांधणारी बाई चव मुद्दाम थोडी अलीकडे थांबवते आणि उरलेलं खाणाऱ्यावर सोपवते. त्या वाटीला साउसावान म्हणतात. तळलेल्या माशाला व्हिनेगर, लसूण आणि ठेचलेली मिरची. भाजलेल्याला सोया सॉस आणि कालामान्सी, म्हणजे सुपारीएवढं लिंबू. आंबट रश्शातल्या तुकड्याला पातिस, म्हणजे आंबवलेल्या माशाचं खारट पाणी, आणि त्यात चुरडलेली मिरची. एकाच टेबलावर आजोबांची वाटी आंबटढाण, मुलांची गोडसर आणि माझी लालभडक असते. यात नानायना काही वावगं वाटत नाही. पहिल्यांदा जेवणाऱ्याला पदार्थ सपक वाटतो तो या वाटीकडे लक्ष न गेल्यामुळे.

आता तो धुवणाचा पदार्थ. सिनिगांग हा रोजचा आंबट रस्सा. आमच्याकडे तेल, फोडणी काही नसतं. धुवणात कांदा-टोमॅटो उकळायचे, त्यात डुकराचं मांस असेल तर मऊ होईस्तोवर शिजवायचं. कोळंबी किंवा मासा असेल तर तो शेवटी. मग अळूचे कंद, ते थोडे विरघळून रस्सा दाट करतात. मग मुळ्याच्या चकत्या, चवळीच्या लांब शेंगा, वांगं, भेंडी, एक लांब हिरवी मिरची अख्खीच. आंबटाला कोवळ्या हिरव्या चिंचा उकडून, कुस्करून, गाळून. गॅस बंद करताना पाण्यात वाढणारी नाळीची भाजी. हल्ली पुष्कळ घरांत चिंचेच्या पुडीतली पूड वापरतात. नानाय पावसाळ्यात अंगणातली बिंबलं घालतात (इथे कामियास म्हणतात). पेरू, कैरी, सान्तोल, प्रांताप्रांताचं आंबट वेगळं.

मेरिएन्दाबद्दल, म्हणजे सकाळी दहाच्या आणि दुपारी तीन-चारच्या खाण्याबद्दल, प्रतिसादांत लिहीन. विचारा भरपूर.

दर्यावर्दी

रानजाई, फार बरं केलंत. मी मूळचा रत्नागिरीचा, जहाजावर नोकरी. जगातल्या जहाजांवर फिलिपिनो खलाशी सगळीकडे भेटतात, त्यामुळे आमच्यासारख्यांच्या तोंडाला ही चव घरच्या खालोखाल बसलेली असते. तुम्ही वाटीबद्दल लिहिलंत ते मेसच्या टेबलावर रोज दिसतं. टेबलाच्या मधोमध सोया सॉस, व्हिनेगर, मिरच्या, पातिस कायम मांडलेलं. आमचा कुक म्हणायचा की वीस माणसांना एक चव कशी आवडेल, ज्याची त्याने लावून घ्यावी.

सुकी मासळी तळली की आम्हा कोकणातल्यांना वेगळं बोलावणं लागत नाही. तिथे ती व्हिनेगरात बुडवून लसणाच्या भाताशी खातात, एवढाच फरक. कोणाचा वाढदिवस असला की पान्सित, म्हणजे परतलेल्या शेवया, असायच्याच. शेवया लांब ठेवायच्या, तोडायच्या नाहीत, आयुष्य लांब व्हावं म्हणून. चिनी व्यापाऱ्यांबरोबर आलेली रीत, पण आता पुरती त्यांची झालेली.

अडोबोवर लिहा ना. जहाजावर रविवारी असायचा आणि सोमवारी जास्त चांगला लागायचा.

हिंगजिरे

वाचते आहे, छान लिहिलंय. पण एक प्रांजळ प्रश्न. धणे-जिरे नाही, गरम मसाला नाही, हळद नाही. नुसत्या लसूण-व्हिनेगरवर रोज जेवणाचा कंटाळा येत नाही का? आणि दुबईला एका वाढदिवसाला फिलिपिनो स्पॅगेटी खाल्ली होती, चक्क गोड! वर सॉसेजच्या चकत्या. ते काय प्रकरण आहे?

रानजाई

@दर्यावर्दी, अडोबो देतेच. एक किलो कोंबडी तुकडे करून, अर्धा कप व्हिनेगर, पाव ते तृतीयांश कप सोया सॉस, लसणाचा अख्खा गड्डा ठेचून, चमचाभर अख्खे मिरे, दोन-तीन तमालपत्रं (इथलं पान वेगळ्या झाडाचं आहे, आपलं घातलं तर वास जरा दालचिनीकडे जातो, चालतं). सगळं एकत्र आचेवर ठेवायचं. व्हिनेगर उकळून त्याचा कच्चा उग्र वास उडेपर्यंत झाकण नाही आणि डावही नाही. नानाय याबाबतीत फार कडक आहेत. मग आच कमी, झाकण, अर्धा-पाऊण तास. शेवटी रस आटला की सुटलेल्या चरबीतच तुकडे परतायचे. व्हिनेगर आणि मिठामुळे हा टिकतो. फ्रिज नसण्याच्या काळातली ही युक्ती आहे, आणि मुरतो म्हणूनच तुमचा सोमवारचा जास्त चांगला.

@हिंगजिरे, हळद अजिबात नाही असं नाही. शेजारच्या बातांगास प्रांतात हळद घातलेला पिवळा अडोबो करतात, सोया सॉस न घालता. बिकोलमध्ये नारळाचं दूध आणि मूठमूठ मिरच्या. ते लोक तिखट खाण्यात कोल्हापूरकरांशेजारी खुशाल बसतील. कंटाळ्याचं म्हणाल तर इथे व्हिनेगर ही एक वस्तू नाही. उसाचं, नारळाच्या माडीचं, निपा पामच्या रसाचं, प्रत्येकाचा आंबटपणा निराळा. इलोइलोकडे बाटलीत मिरच्या, आलं, लसूण, मिरे घालून महिनोन् महिने मुरवतात. आपण मसाल्याच्या डब्यात जी विविधता ठेवतो ती इथे आंबटात आहे. जीभ वळायला थोडा वेळ द्यावा लागतो, मग कळायला लागतं.

गोड स्पॅगेटीतला सॉस केळ्याचा. या केळ्याच्या केचपचं श्रेय मारिया ओरोसा या अन्नरसायनतज्ज्ञ बाईंना दिलं जातं. टोमॅटो मिळत नव्हते, केळी उदंड होती, म्हणून केळी, व्हिनेगर, साखर, मसाले आणि लाल रंग. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. तांदळाच्या कोंड्याची बिस्किटं त्यांनी बेरीबेरीवर उपाय म्हणून केली, सोयाबीनची पौष्टिक पूड केली, आणि दुसऱ्या महायुद्धात ती पूड छावण्यांतल्या कैद्यांपर्यंत चोरून पोचवली गेली. फेब्रुवारी 1945 मध्ये मनिलाच्या लढाईत त्या मारल्या गेल्या. वाढदिवसाच्या ताटलीत ती गोड स्पॅगेटी दिसली की मला त्या आठवतात.

साष्टीकर

गोव्यातून लिहितोय. माडाच्या सुरेचं व्हिनेगर आमच्याकडे घरोघरी असतं, बाजारातही मिळतं. अडोबो त्यात करा, सिंथेटिक व्हिनेगरमध्ये करू नका. त्याचा आंबटपणा टोचतो आणि आटवलं तरी जात नाही.

बिबिंग्काबद्दल ऐकायला आवडेल. आमची बेबिंक थरांची, अंड्याचा बलक, मैदा, साखर, नारळाचा रस, एकेक थर वरून आच देऊन भाजायचा. नाताळात हवीच. तुमच्याकडची कशी?

रानजाई

@साष्टीकर, व्हिनेगरबद्दल अगदी अगदी. इथलं सुकांग तुबा ते हेच.

बिबिंग्का थरांची नसते. तांदूळ भिजवून वाटायचे, ते जरा आंबू द्यायचं, त्यात नारळाचं दूध, अंडी, साखर. मातीच्या पसरट भांड्यात केळीचं पान अंथरून त्यात ओतायचं, खाली निखारे आणि वर पत्र्याच्या झाकणावर निखारे. अर्धी भाजली की वर खारवलेल्या अंड्याच्या चकत्या आणि म्हशीच्या दुधाचं पांढरं चीज. उतरवली की लोणी आणि किसलेला नारळ. वरची आच आणि नारळाचं दूध हे तुमच्याशी जुळतं, नाताळही जुळतो. 16 ते 24 डिसेंबर पहाटेच्या प्रार्थनेला लोक जातात आणि बाहेर पडले की चर्चच्या दारातच बिबिंग्का आणि बांबूच्या नळीत वाफवलेला जांभळा पुतो बुंबोंग गरम गरम मिळतो. पहाटेच्या गारव्यात उभ्याने खाण्याची गोष्ट आहे ती, घरी ओव्हनमध्ये केलेली तितकी लागत नाही असं माझं मत.

आदूची_आई

माझा मुलगा फिलिपिन्सच्या दक्षिणेतल्या दावाओ शहरात मेडिकलला आहे. आमच्यासारखे बरेच मराठी पालक आहेत. अंडं खातो, मांस-मासे नाहीत. मेसचं भारतीय जेवण मिळतं पण बाहेर पडला की बिचारा फ्राइज आणि ब्रेडवर राहतो. त्याने स्थानिक काय खावं? रानजाईताई, जरा नावांसकट सांगाल का, त्याला पाठवते.

रानजाई

आदूची आई, नक्की. आधी सावधगिरी: इथे भाजीचा पदार्थ म्हणजे शाकाहारी पदार्थ नव्हे. भाजीत चवीपुरतं मांस, सुकी कोळंबी, पातिस किंवा बागोओंग, म्हणजे आंबवलेली जवळ्याची किंवा माशाची खारट चटणी, असतेच असं धरून चालायचं. नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर मासे राहतात. मासा, कोळंबी, पातिस, बागोओंग प्रत्येकाचं नाव घेऊन नको म्हणायला सांगा.

खानावळीला कारिन्देरिया म्हणतात. काचेमागे पातेली मांडलेली असतात, बोट दाखवायचं आणि विचारायचं. सगळ्यात सुरक्षित तोर्तांग तालोंग: अख्खं वांगं भाजून, सोलून, देठासकट चपटं करून फेटलेल्या अंड्यात बुडवून तळलेलं. त्यात खिमा नाही ना एवढं विचारायचं. भरीत आवडणाऱ्याला ते आवडणारच. नारळाच्या दुधातला लाल भोपळा आणि चवळीच्या शेंगा असतात, पण त्यात बहुतेकदा कोळंबी असते. दावाओकडे उतान बिसाया नावाचं साधं भाज्यांचं पाणीदार सूप असतं, गवती चहा, भोपळा, भेंडी आणि शेवग्याचा पाला घातलेलं. ओळखीच्या घरी किंवा खानावळीत मासा न घालता करून देतात.

न्याहारीला पुतो माया: चिकट तांदूळ नारळाच्या दुधात आणि आल्यात शिजवलेले, बरोबर पिकलेला आंबा आणि सिक्वाते, म्हणजे कोकोच्या वड्या घोटून केलेलं गरम चॉकलेट. पूर्ण शाकाहारी आणि पोटभरीचं. दावाओमध्ये राहून हे खाल्लं नाही असं होऊ देऊ नका.

आणि मेरिएन्दा तर त्याचाच. रस्त्यावरचे बहुतेक गोड पदार्थ केळी, रताळी, तांदूळ, नारळ यांचे आहेत. बनाना क्यू म्हणजे साबा केळी (शिजवून खायच्या जातीची) तेलात सोडून वरून तपकिरी साखर टाकायची, ती वितळून केळ्यांना चिकटते, मग बांबूच्या काडीला टोचून देतात. रताळ्याचं तसंच. तुरोनमध्ये केळ्याची उभी फाक साखरेत घोळवून, फणसाच्या गऱ्याची एक पट्टी ठेवून लुंपियाच्या पातळ पापुद्र्यात गुंडाळून तळतात. सकाळी ताहोवाला येतो, खांद्यावर कावड, दोन डब्यांत गरम मऊ टोफू आणि गुळासारख्या साखरेचा पाक, वर साबुदाणा. मुलाला म्हणावं, स्वतःचा पेला घेऊन खाली उतरायचं.

हिंगजिरे

ताहो भारी वाटतोय. शाकाहारी लोकांसाठी मुगाचं काही असतं ना? कुठेतरी वाचलं होतं.

परिचारिका_दुबई

मी सांगते, रानजाई दमली असेल. आमच्या फ्लॅटवर चौघी, त्यातल्या दोघी फिलिपिनो, एक सेबूची, एक पांपांगाची. शुक्रवारी गिनिसांग मुंगो ठरलेले. कॅथलिक घरांत लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळातल्या, शुक्रवारी मांस खात नाहीत, आणि शुक्रवारी मुंगो ही सवयच होऊन बसली आहे. हिरवे मूग मऊ शिजवून, लसूण-कांदा-टोमॅटो परतून त्यात घालायचे, वर शेवग्याचा नाहीतर कारल्याचा कोवळा पाला. त्या दोघी धुरावलेली मासळी घालतात, माझ्यासाठी वेगळं काढून ठेवतात. वरून मी गुपचूप हिंग-जिऱ्याची फोडणी देते, हे आता त्यांनाही आवडायला लागलंय.

आणि आजारपणातला लुगाव. मला मलेरियासारखा ताप होता तेव्हा ड्यूटीवरून आलेल्या मैत्रिणीने रात्री उभं राहून केला. तांदूळ भरपूर पाण्यात आल्यासकट घोटून शिजवायचे, वर तळलेला लसूण, कांद्याची पात, उकडलेलं अंडं, कालामान्सी पिळायचं. कोंबडी घातली की आर्रोस काल्दो. आपली पेज आणि हे एकाच आजारी माणसासाठी निघालेले पदार्थ आहेत. तीन तास उभं राहून रुग्ण बघून आलेली बाई परत चुलीशी उभी राहते, याला काय म्हणायचं.

दर्यावर्दी

@परिचारिका_दुबई, लुगाव आमच्याकडे रात्रपाळीला असायचा, आल्यामुळे जाग राहते.

रानजाई, चांपोरादोबद्दलही लिहा. चॉकलेटची खीर आणि सोबत सुकी मासळी, यावर घरी कोणी विश्वास ठेवत नाही.

रानजाई

परिचारिका, किती छान लिहिलंस. मुंगो मला स्वतःला इथला सगळ्यात जवळचा पदार्थ वाटतो. आमच्याकडे कारल्याचा पाला, मुलांसाठी शेवग्याचा.

दर्यावर्दी, विश्वास ठेवायला लावू. चिकट तांदूळ पाण्यात मऊ शिजवायचे, त्यात शुद्ध कोकोच्या वड्या (ताब्लेआ) विरघळवायच्या, साखर, वाढताना वरून दूध. बाजूला कुरकुरीत तळलेली तुयो. एक घास गोड-कडू खिरीचा, एक तुकडा खारट मासळीचा. कोको मेक्सिकोहून आला, 1565 ते 1815 या काळात मनिला आणि आकापुल्को यांच्यामध्ये स्पॅनिश गलबतं ये-जा करत होती तेव्हा. इकडूनही गोष्टी गेल्या: माडावर चढून माडी काढणं तिकडच्या कोलिमा भागात फिलिपिनो लोकांनी नेलं आणि तिथे आजही तुबा विकतात. पावसाळ्यात शाळेला सुट्टी मिळाली की घराघरांतून चांपोरादोचा वास येतो.

मुलांच्या डब्याबद्दल मला व्यक्तिगत निरोपात विचारलं होतं, ते इथेच सांगते. डब्याला बाओन म्हणतात आणि त्यातही भातच. बरोबर अडोबो, लुंपियांग शांघाय (बोटाएवढे खिम्याचे रोल), किंवा अंड्यात घातलेला खिमा. रस्सेदार काही देत नाहीत. चार वाजता मुलं घरी आली की गिनाताआन: नारळाच्या दुसऱ्या दुधात रताळी, साबा केळी, फणस, साबुदाणा आणि चिकट तांदळाच्या पिठाच्या गोळ्या शिजवायच्या, गोळ्यांचं पीठ सुटून आपोआप दाट होतं, उतरवताना पहिलं घट्ट दूध. पिकलेली राजेळी केळी घेऊन वसईकर-कोकणकरांना हे सहज करता येईल. साखर कमी ठेवा, इथे जरा जास्तच घालतात, विशेषतः विकतच्यात. माझी खरी तक्रार असेल तर तीच, आणि पुडीतल्या मसाल्यांतल्या मिठाची. नानायच्या वयाच्या बायका ज्या चवी झाडावरून काढायच्या त्या आता कोपऱ्यावरच्या सारी-सारी दुकानातून एकेक पुडीने घरात येतात. वेळ नसतो, दोघंही कामावर, हे मला समजतं. तरी अंगणात कामियासचं झाड लगडलेलं असताना चिंचेची पुडी फोडलेली पाहून जीव हळहळतो.

साष्टीकर

बिंबलांचं आमच्याकडेही तेच झालंय, झाडाखाली सडा पडलेला असतो. सुकवून ठेवा म्हणावं.

अळूचं काही करतात का तिथे? पान खाजत नाही?

रानजाई

करतात, आणि फार सुंदर करतात. बिकोलचं लाइंग: अळूची पानं आधी सुकवून घेतात, मग नारळाचं दूध, आलं, लसूण, मिरच्या, सुकी मासळी किंवा बागोओंग घालून मंद आचेवर तासभर. पानं पूर्ण मऊ होईपर्यंत ढवळायचं नाही, ढवळलं तर खाजतं असं सगळ्या बायका सांगतात. आपण खाज मारायला चिंच किंवा आमसूल घालतो, ते इथे नाही. सुकवणं आणि खूप वेळ शिजवणं यावर भिस्त. शाकाहारी करायचं तर मासळीऐवजी मीठ आणि थोडा सोया सॉस. लाइंग दुसऱ्या दिवशी तेल सुटलं की जास्त चविष्ट.

हिंगजिरे

मासळीशिवाय लागुनाचा खास असा एखादा पदार्थ द्या की, रविवारी करून बघते. केळफूल आहे घरात.

रानजाई

मग कुलावोच कर, तो इकडचाच, लागुना आणि केसोन प्रांतांतला. केळफुलाची बाहेरची जाड पानं काढ, आतलं बारीक चिरून मिठाने चोळून पिळून घे आणि उकडून निथळत ठेव. आता खरं काम. खवलेल्या ओल्या नारळात जळते निखारे टाकून हलवतात, नारळ करपट तपकिरी होतो, मग निखारे काढून त्यावर व्हिनेगर आणि थोडं पाणी ओतून पिळून घट्ट धुरकट दूध काढतात. ते दूध, चिरलेला कांदा, मिरे आणि मीठ केळफुलावर घालून कालवायचं. निखारे नसतील तर लोखंडी तव्यावर नारळ कोरडाच भाज, आपण वाटणाला भाजतो त्याच्या एक पायरी पुढे, कडा काळसर होईपर्यंत. पिळण्याआधी पाच मिनिटं व्हिनेगरात भिजू दे. साष्टीकरांनी सांगितलेलं माडाचं मिळालं तर तेच घे, दोन मोठे चमचे पुरेत. केळफूल नसेल त्यांनी भाजलेलं वांगं घ्यावं, तेही इथे तसंच करतात.